ब्लेडची बडदास्त

नवं ब्लेड पहिल्या दिवशी जरा उद्धटच वागतं. गालावर एखादं लाल टिंब काढून स्वतःची ओळख करून देतं. दुसऱ्या-तिसऱ्या दाढीला ते माणसाळतं, फेसातून बिनआवाज फिरतं, उलटा हात फिरवला तरी कुरकुरत नाही. आणि आपल्याला त्याचा लळा लागतो न लागतो तोच एका सकाळी, हनुवटीखालच्या त्या अडचणीच्या कोपऱ्यात, ते केस कापायचं सोडून ओढायला लागतं. अशा वेळी शहाणी माणसं नवं ब्लेड काढतात. मी जुन्यावर उपचार सुरू करतो.

मला स्वतःला ताप आला तर मी तो अंगावर काढतो. ब्लेडला जरा कुठे खरखर जाणवली, की माझी धावाधाव सुरू होते. आमच्या घरात सगळ्यात जास्त बडदास्त कोणाची, असं विचारलं तर बायको न्हाणीघरातल्या फळीकडे बोट दाखवते. तिथे ब्लेडचं तेल आहे, ब्लेडची डबी आहे, ब्लेडला बुडवायची बाटली आहे. माझा कंगवा कुठे आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं.

वास्तविक ज्या माणसाने हे दुधारी पातं जन्माला घातलं, त्याचा उद्देशच मुळी ते टाकून देता यावं हा होता. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन फिरत्या विक्रेत्याला १८९५ मध्ये कल्पना सुचली, की पत्र्याइतकं पातळ पातं करावं आणि बोथट झालं की भिरकावून द्यावं. पोलादाच्या जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं. एवढ्या पातळ पोलादाला कणखरपणा येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेल्या विल्यम निकरसनने ते जमवलं. १९०३ मध्ये माल बाजारात आला आणि त्या वर्षी विकले गेले ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. भागाकार करून पाहा. एका रेझरमागे जेमतेम सव्वातीन ब्लेडं! माझे पंथबंधू पहिल्या वर्षापासून कामाला लागले होते, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पंथ म्हणायचं कारण, यात खरोखरच संप्रदाय आहेत. पाजवणारे, गोठवणारे, तेलात बुडवणारे, बुचातून ओढणारे. एक संप्रदाय दुसऱ्याचं तोंड पाहत नाही. मी सगळ्यांचा गंडा बांधून घेतला.

आधी पाजवणाऱ्यांकडे गेलो. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर पाजवतात, तसं ब्लेड जीन्सच्या कापडावर पाजवायचं. रेझर धारेच्या उलट दिशेने ढकलायचा, म्हणजे दाढी करताना ओढतो त्याच्या नेमका विरुद्ध. कापड ताणलेलं हवं. जीन्स घालून पाय लांब केला की मांडीवर ते आपोआप ताणलेलं असतं. तेव्हा मी कोचावर बसून मांडीवरून रेझर सरकवू लागलो. गुडघ्याच्या दिशेने, सावकाश, हलक्या हाताने. नेमके त्याच वेळी पाहुणे आले. त्यांनी एकदा माझ्या मांडीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि "हल्ली बरे असतात ना?" हे तिलाच विचारलं.

पेल्याची युक्ती याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात ब्लेडांचा तुटवडा पडला तेव्हा लोक असं करत. काचेचा गुळगुळीत, सरळ भिंतीचा पेला घ्यायचा. आत ब्लेड भिंतीला चपटं टेकवायचं आणि मधोमध बोटाने दाबायचं. ब्लेडची जाडी असते मिलिमीटरचा दहावा भाग, त्यामुळे ते निमूटपणे वाकतं आणि दोन्ही धारा काचेला टेकतात. मग पेल्याच्या गोलाईने मागे-पुढे, मागे-पुढे. काच ओली असली की बारीक किणकिण ऐकू येते आणि बोटाच्या टोकाला एक थरथर जाणवते. ती थरथर इतकी शास्त्रीय वाटते, की धार लागली नाही असं मानायला मन तयारच होत नाही.

"अहो, त्या पेल्यातून आता पाणी कोण पिणार?" बायकोने विचारलं.

"धुऊन ठेवतो."

"धुऊन नको. तुमच्यासाठीच ठेवा."

तेव्हापासून घरात माझा पेला वेगळा आहे.

अशा घासण्याने ब्लेडच्या धारेचं नेमकं काय होतं, यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोललं जातं. ही धार टोकाला काही डझन नॅनोमीटर एवढीच जाड असते, म्हणजे दाढीच्या एका केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. किंचित मुडपलेली कड घासून सरळ होतही असेल. पण २०२० मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं आणि माझी झोप उडाली. निकरसन जिथे शिकला त्याच संस्थेतल्या एका विद्यार्थ्याने स्वतःची दाढी केली आणि ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेलं. पुन्हा दाढी, पुन्हा सूक्ष्मदर्शक. (मी न्हाणीघरात जरा जास्त वेळ लावला की दार बडवतात. याची मात्र 'सायन्स' या नियतकालिकात दखल घेतली जाते.) आढळलं असं, की केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही त्याला नमवतो. आणि ब्लेड नुसतं झिजत नाही, त्याच्या धारेचे बारीक टवके उडतात. केस तिरका वाकलेला असला, पोलादाची अंतर्रचना त्या जागी एकसारखी नसली आणि केस नेमका कच्च्या जागेच्या काठावर सापडला, की टवका उडालाच.

माझ्या दाढीने पोलादाचे टवके उडतात हे वाचून छाती फुगली, नाही असं नाही. दाढीची ही ख्याती मी घरात सगळ्यांना ऐकवली. पण उडालेला टवका जीन्सने परत बसत नाही, हेही त्यातूनच समजलं. पाजवणाऱ्यांचा गंडा मी सोडला.

गोठवणाऱ्यांकडे फार काळ रमलो नाही. त्यांच्या सांगण्यात तथ्य मुळातच नाही असंही नाही. ब्लेडचं पोलाद हजार अंशांच्या वर तापवून झटकन थंड करतात आणि त्यानंतर शून्याच्या बरंच खाली नेतात. त्यामुळे त्याचा उरलासुरला मऊ भागही कडक होतो. पण हे कारखान्यातच उरकलेलं असतं. हौशी मंडळी द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांची भाषा बोलतात. घरातला फ्रीझर कसाबसा उणे १८ ला पोचतो. तिथे रात्रभर ठेवलेल्या ब्लेडने दाढी केली तर एवढाच फायदा होतो, की पहिल्या स्पर्शाला डोळे खाडकन उघडतात. शिवाय "फ्रीझरमध्ये हात घालताना जपा" ही सूचना घरातल्या प्रत्येकाला द्यावी लागते, आणि ती दिली की पुढचं भांडण आपण टाळू शकत नाही.

बुचवाल्यांचं तर्कशास्त्र सगळ्यात मजेदार. १९६० नंतर स्टेनलेस ब्लेडं रुळली, तेव्हापासून धारेवर न चिकटणाऱ्या तव्याच्या जातीचा अतिसूक्ष्म लेप देतात, जेणेकरून ब्लेड केसातून सुळकन जावं. बुचवाले म्हणतात, हा लेप पहिल्या दिवशी जास्त होतो, म्हणून नव्या ब्लेडची धार बाटलीच्या बुचातून एकदा ओढावी आणि मगच गालाला लावावी. म्हणजे कारखाना जिवाचं रान करून जो थर चढवतो, तो आपण बुचाने उतरवायचा! मी ओढलं. ब्लेडचा उद्धटपणा कमी झाला खरा. पण धारही तेवढीच नम्र झाली.

मात्र या सगळ्यांत माझं मन जडलं ते पिरॅमिडवर. थट्टा नाही. प्रागच्या कारेल द्रबल नावाच्या रेडिओ अभियंत्याने १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला. इजिप्तमधल्या खुफूच्या पिरॅमिडच्या प्रमाणात पुठ्ठ्याचा पिरॅमिड करायचा, आत उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ब्लेड ठेवायचं, त्याच्या धारा पूर्व-पश्चिमेला येतील असं पाहायचं, की ब्लेड आपलं आपण ताजंतवानं होतं. कार्यालयाने दहा वर्षं घेतली आणि १९५९ मध्ये चक्क पेटंट दिलं, क्रमांक ९१३०४. सरकारी शिक्का म्हटला की माझा विरोध मावळतो.

कन्येची भूमिती माझ्यापेक्षा बरी, म्हणून चार त्रिकोण तिने आखून दिले. मग उत्तर दिशा शोधायला तिचाच मोबाइल घेऊन मी खोलीभर गोल फिरलो. उत्तर सापडली ती नेमकी कपाटाच्या कोपऱ्यावर. कपाट सरकवावं लागलं. "बाबा, कपाट हलवण्यापेक्षा नवं ब्लेड स्वस्त नाही का पडणार?" असं ती म्हणाली. पण शास्त्रापुढे स्वस्ताईचा विचार करणाऱ्यांचं कधी भलं झालंय? ब्लेड आठवडाभर आत राहिलं. बाहेर काढलं तेव्हा जसं ठेवलं होतं तसंच्या तसं होतं. त्यात पिरॅमिडची काही चूक नाही. मेलेल्याला आहे त्या अवस्थेत टिकवणं, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित असतं आणि ते त्याने चोख केलं होतं.

राहता राहिले तेलवाले. यांच्या म्हणण्यात मला खरं तथ्य दिसतं. दाढी झाली की ब्लेड धुवायचं, झटकायचं, पण टॉवेलने अजिबात पुसायचं नाही. टॉवेल धारेचा घात करतो आणि धार टॉवेलचा. झटकून राहिलेलं पाणी स्पिरिटमध्ये बुडवून घालवायचं, वर खनिज तेलाचा एक थेंब. ब्लेड 'स्टेनलेस' असलं तरी एवढ्या बारीक धारेशी पाण्याने रात्रभर सलगी करू नये, हे पटण्यासारखं आहे. एकच खबरदारी घ्यायची, सकाळी तेल नीट धुऊन काढायचं. नाहीतर गालावर कष्टाने उभा केलेला फेस तेल लागताच मटकन खाली बसतो आणि आरशात अर्धवट साबण लागलेला एक केविलवाणा चेहरा उरतो.

आता माझं मत. ब्लेडवर उपचार केले की दाढी सुरेख होते, हे अगदी खरं. कारण त्या दिवशी माणूस दाढी लक्ष देऊन करतो. गुण आला का हे पाहायचं असतं ना! मग तो कोमट पाण्याने चेहरा चांगला भिजवतो, ब्रशने फेस घोळत दोन-तीन मिनिटं घालवतो, रेझर न दाबता फिरवतो. केसातल्या केराटिनला तेवढाच वेळ हवा असतो. पाणी शोषून केस फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात तुटतो. ब्लेड तेच, कालचंच, टवक्यांसकट. एरवी बहुतेक पुरुष घाईघाईत दोन शिपके मारतात आणि रोज सकाळी स्वतःचीच बिनपाण्याने करून घेतात.

तर मी आता तीन मिनिटं गाल भिजवतो. दुसऱ्या मिनिटाला दारावर थाप पडते. "अहो, आत झोपलात का?" तोंडभर फेस असताना केराटिन समजावून सांगता येत नाही.

निवृत्त ब्लेडांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत पूर्वी न्हाणीघरातल्या औषधांच्या कपाटाला मागे एक फट असे. बोथट ब्लेड त्यातून सरकवलं की ते भिंतीच्या पोकळीत पडायचं आणि कायमचं तिथेच राहायचं. पुढे कोणी घर दुरुस्तीला काढलं, की भिंतीतून ब्लेडांचा ढीग घसरायचा. आमच्या भिंती भरीव आहेत, त्यामुळे माझा ढीग पत्र्याच्या डबीत आहे. टाकवत नाही. उद्या नवा उपचार निघाला तर?

मध्यंतरी कन्येने शाळेच्या प्रदर्शनासाठी खंदकातला रेडिओ करायचं ठरवलं. १९४४ मध्ये इटलीत आन्झिओच्या आघाडीवर सैनिकांनी तो केला होता. तारेचं वेटोळं, कानाला लावायचं यंत्र, सेफ्टी पिनेला जोडलेलं पेन्सिलीचं शिसं, आणि ते ज्यावर टेकवायचं ते दाढीचं ब्लेड. बॅटरी लागत नाही. आयुष्यात प्रथमच माझ्या डबीला मागणी आली. मी ती अभिमानाने तिच्यापुढे ओतली. तिने एकेक ब्लेड उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. सगळी लख्ख, सगळी तेलकट.

"बाबा, यावर गंज हवा असतो. नाहीतर जळून निळं पडलेलं तरी." तिने डबी माझ्याकडे सरकवली. "एवढी ब्लेडं, आणि एकही धड बिघडलेलं नाही?"