जागा बघायला जाताना कुत्र्यालाही न्या

आज सकाळी जागा बघून आलो आणि डोकं फिरलंय. कुत्र्यांनी वासावरनं माणसाचा माग काढायच्या स्पर्धेसाठी आमच्यातल्या मोठ्या माणसांनी काय निवडावं? हमरस्त्यालगतचं मंगल कार्यालय! सगळीकडं पेव्हर ब्लॉक, स्टेज तयार. "फोटो झकास येतील की रे," म्हणे. अहो काका, कुत्री काय फोटोला येणार आहेत?

मागच्या डिसेंबरात सरावाला राणीला अशाच एका आवारात नेलं होतं. आमची राणी गावठी, वडगावात गटारीच्या कडेला सापडलेली. आदल्या रात्री तिथं लग्न झालेलं, पहाटे सगळं फिनेलनं धुतलेलं. राणी चार पावलं गेली, शिंकली आणि माझ्याकडं बघत खाली बसली. मी तिलाच ओरडलो. ते तिचं बघणं अजून डोळ्यांसमोरनं जात नाही.

अमेरिकन केनेल क्लबची वस्तीतली माग-चाचणी १९९५ पासून आहे. माग ६०० ते ८०० यार्डांचा, तोही माणूस ३ ते ५ तास आधी चालून गेलेला. जमीन किमान तीन तऱ्हेची, त्यातल्या दोन बिनगवताच्या. आपण २०० पावलांचाच ठेवू, पण जमीन तर बदलू दे! नुसत्या पेव्हरवर काय कळणार?

वास पाऊल पडलं तिथंच बसून राहत नाही. वारा भिंतीला आपटला की वासही फिरतो. तापल्या डांबरावरनं लवकर उडतो, ओलसर गवतात टिकतो. राणीला त्या दिवशी शेवटी कुठं मिळाला? फिनेल पोचलं नव्हतं त्या कंपाउंडच्या भेगेत, चिमूटभर गवतात. तिथनं तिनं जे नाक लावलं, ते थेट मागाच्या शेवटी ठेवलेल्या चामड्याच्या पाकिटापर्यंत.

कार्यालयात पाणी, सावली, संडासाची सोय आहे. मान्य. बायकापोरांचे हाल होणार नाहीत.

तरी रविवारी बंद असणारं एखादं कॉलेज मागून बघूया की. माती, डांबर, काँक्रीट, इमारतींचे कोपरे, सगळं एका आवारात मिळतं. आदल्या दिवसापासून धुणं-झाडणं बंद, हे आधीच कबूल करून घ्यायचं. तिथली भटकी कुत्री कुठं बसतात ते वॉचमनला विचारायचं. त्यांना हाकलायचं नाही, आपला माणूस तिकडनं चालवायचा नाही. आणि जागा बघायची ती स्पर्धेच्याच वेळेला. सकाळी सातचा वारा आणि अकराचा वारा एक नसतो.

सकाळी काकांवर आवाज चढवला, ते चुकलंच. संध्याकाळी घरी जाऊन बोलतो. पण त्या फरशीवर राणीला परत उभी करणार नाही.

पुढच्या रविवारी सातला तिला घेऊनच निघतोय. कुणाची कॉलेजात ओळख असेल तर आजच फोन करा.