ताई, ते पुस्तक कपाटातून बाहेर काढ

गेल्या आठवड्यात ताईने भाच्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. भाचा बारावीला आहे. पुस्तक मीच दिलं होतं, जो हाल्डमन यांचं ‘द फॉरएव्हर वॉर’. कारण विचारलं तर फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज दाखवला. त्याचं म्हणणं असं: अंतराळातल्या लढायांच्या कादंबऱ्या, म्हणजे मिलिटरी सायन्स फिक्शन, मुलांना युद्धाची चटक लावतात. लिहिणाऱ्यांनी रणांगण पाहिलेलंच नसतं. हे व्हिडिओ गेमवाल्यांनी काढलेलं खूळ आहे. बायका त्याच्या वाटेला जात नाहीत. अमेरिकेत हीच पुस्तकं सैनिकांना वाचायला देतात. आणि मराठीत असलं काही नाही हे आपलं नशीब. ताईने तो आणखी चार ग्रुपवर पाठवला, म्हणून मीही सगळ्यांसमोर लिहितोय.

रणांगण न पाहिलेले लेखक? जे पुस्तक कपाटात गेलं त्याच्याच लेखकाबद्दल हे धादांत खोटं आहे. हाल्डमन यांनी १९६७ साली भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षी सक्तीच्या भरतीत त्यांचं नाव आलं. व्हिएतनाम युद्धात ते कॉम्बॅट इंजिनियर, म्हणजे लढाईच्या जागी काम करणारे लष्करी अभियंते होते. तिथे जबर जखमी झाले, ‘पर्पल हार्ट’ हे जखमी सैनिकांना मिळणारं पदक घेऊन परतले. १९७४ च्या या कादंबरीचा नायक मँडेला हाही सक्तीने भरती केलेला भौतिकशास्त्राचा विद्यार्थीच. नायिकेला तर त्यांनी स्वतःच्या बायकोचं माहेरचं नाव दिलंय.

आता युद्धाची चटक. (भाच्याने हा परिच्छेद सोडावा, शेवट सांगतोय.) पहिल्या चकमकीआधीच सैनिकांच्या मनात संमोहनाने द्वेष पेरून ठेवलेला असतो. ठरलेला इशारा मिळतो आणि ही माणसं धड प्रतिकारही न करणाऱ्या परग्रहवासी जीवांची कत्तल करतात. भानावर आल्यावर आपण काय केलं हे त्यांना कळतं. पुढचं याहून बोचतं. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास केला की प्रवाशाचा काळ मंदावतो, हे आपण शाळेत ऐकलेलं. मँडेला पहिल्यांदा घरी येतो तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांनी मोठा झालेला असतो आणि पृथ्वीवर पंचविसाहून जास्त वर्षं उलटलेली असतात. घर आहे, पण त्याचं राहिलेलं नाही. ज्या सैन्याचा त्याला तिटकारा, त्यातच तो परत भरती होतो. व्हिएतनामहून आलेल्या पोरांना आपलंच गाव परकं का वाटलं, ते हाल्डमननी सापेक्षतेच्या नियमातून सांगितलं. आणि हजाराहून जास्त वर्षं चाललेलं ते युद्ध सुरू कशामुळे झालं? एका गैरसमजामुळे. हे वाचून कुणाला लढावंसं वाटेल?

हाल्डमन यांनीच पुढच्या आवृत्तीच्या टिपणात लिहून ठेवलंय की १८ प्रकाशकांनी ही कादंबरी परत पाठवली. व्हिएतनामवरची विज्ञानकादंबरी कोणाला हवीय, असं त्यांचं म्हणणं. मग तिला नेब्युला मिळालं, ह्युगोही मिळालं; विज्ञानकथांचे हे दोन मोठे पुरस्कार.

मेसेजमधलं एक मात्र मान्य करावं लागतं. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ च्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये मताचा हक्क फक्त सरकारी सेवा पुरी केलेल्यांनाच आहे, आणि वर्गातल्या त्या लांबलचक व्याख्यानांतून लेखक ही व्यवस्था पटवत राहतो. मला ते आजही खटकतं. हाइनलाइन नौदलात अधिकारी होते, पण १९३४ साली क्षयामुळे निवृत्त झाले, लढाईत कधी उतरले नाहीत. मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या वाचनयादीत हे पुस्तक होतं, हेही खरं. पण त्याच यादीत ‘एंडर्स गेम’ ही कादंबरीही होती. त्यातला मुलगा खेळ समजून अख्खी प्रजाती संपवतो आणि त्याचं ओझं आयुष्यभर वाहतो. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धी यादी वाचली.

व्हिडिओ गेमचं तर बोलूच नये. जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनियर्सचा अधिकारी १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात जखमी झाला होता. त्याने १८७१ साली ‘बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही कथा लिहिली. इंग्लंडवर परकी फौज उतरते आणि इंग्लंड हरतं. एक म्हातारा ती हार नातवंडांना सांगतो. भविष्यातल्या युद्धांच्या कथांची लाट तिथून उठली. तेव्हा घरात विजेचा दिवासुद्धा नव्हता.

बायकांबद्दल दोनच नावं, दोघीही याच प्रकारच्या लेखिका. एलिझाबेथ मून स्वतः मरीन कोअरमध्ये होत्या. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांच्या व्हॉर्कोसिगन मालिकेतल्या कादंबऱ्यांनी १९९१ आणि १९९२ असे लागोपाठ ह्युगो मिळवले.

आणि मराठीत नाही? जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा काय आहे मग? सैनिकी विज्ञानकथेच्या चौकटीत ती नेमकी बसत नाही, कबूल. पण पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर, एवढ्या एका प्रश्नावर ती उभी आहे. रणांगण आणि विज्ञान एकत्र आलं म्हणून कोणाचं काही बिघडलं का? अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात भाच्याने मागच्या वर्षी हीच गोष्ट वाचली, ताई, आणि प्रश्नोत्तरं तूच करून घेतलीस.

‘फॉरएव्हर वॉर’मध्ये लैंगिक संबंधांचे उल्लेख आहेत, तेही मोकळेपणाने. त्यावर तुझी हरकत असेल तर समोरासमोर बसून बोलू, ती रास्त आहे. पण मग ती हरकत तुझी असू दे, त्या मेसेजची नको. पुस्तकात भाच्याची खूण आहे. मँडेला पहिल्यांदा घरी यायला निघालाय, तिथे तो थांबलाय.