‘सर्व्हिसिंग करूनही आठ दिवसांत रंग उडाले’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन जे लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: आम्ही तुमच्या मोठ्या प्रिंटरची सर्व्हिसिंग केली, पैसे घेतले आणि आठ दिवसांत रंग पुन्हा फिके पडले. बॅनर वरच्या बाजूला लालभडक आणि खाली येता येता नारिंगी. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा ‘हेड क्लीनिंग मारा’ (हेड म्हणजे शाई फवारणारा भाग) एवढंच ऐकायला मिळालं. आता हे लोक हेड बदलायला लावतील, असंही तुम्ही लिहिलंय. शिवाय बाहेर लावलेले जुने बॅनर उडाले, तेही आमच्याच खात्यावर टाकलंय.

पहिल्या तीन गोष्टींत चूक आमची आहे. शेवटच्या दोन गोष्टींबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे, तेही इथेच मांडतो, कारण हा प्रिंटर चालवणाऱ्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

परवा मी स्वतः तुमच्याकडे येऊन गेलो. तुम्ही बाहेर होतात, पण तुमचे ऑपरेटर शेवटपर्यंत माझ्यासोबत उभे होते. येण्याआधी आमच्या टेक्निशियनने भरलेला रिपोर्ट काढला होता. त्याला जोडलेला नोझल चेकचा कागद (हेडची बारीक छिद्रं, म्हणजे नोझल, चालू आहेत का ते दाखवणाऱ्या रेघांचा) अगदी स्वच्छ आहे, चारही रंगांची एकही रेघ तुटलेली नाही. तो कागद पाहून त्याने ‘ओके’ लिहिलं आणि निघाला. चुकलं ते इथेच. नोझल चेकला प्रत्येक नोझलमधून शाईचे मोजके थेंब पडतात. तेवढी शाई हेडच्या डोक्यावरच्या डॅम्परमध्ये, म्हणजे शाई साठवून गाळणाऱ्या छोट्या कप्प्यात, असतेच. टाकीत पाणी नसलं तरी नळ उघडल्यावर पाइपात साठलेलं पाणी आधी धो धो येतं आणि मग धार बारीक होते, तसाच हा प्रकार. चार रेघा नीट आल्या म्हणून चार मीटरच्या बॅनरला शाई पुरेलच असं नाही.

म्हणून मी आधी सॉलिड पट्ट्या काढल्या. प्रत्येक रंगाची शंभर टक्के भरलेली, दहा सेंटिमीटर रुंद आणि एक मीटर लांब पट्टी, चारही रंग शेजारी शेजारी. सायन (निळसर), यलो आणि ब्लॅक शेवटपर्यंत एकसारखे आले. मजेंटा (गडद गुलाबी) साधारण चाळीस सेंटिमीटरपर्यंत छान गडद होता, मग विरळ होत गेला आणि शेवटी नुसती गुलाबी झाक उरली. प्रिंटर दहा मिनिटं थांबवून तीच पट्टी पुन्हा काढली, तर सुरुवात परत गडद! थांबल्यावर रंग परत येतो याचा अर्थ नोझल मेलेले नाहीत. शाई येतेय, पण हेड जितक्या वेगाने ओढतंय तितक्या वेगाने पोचत नाही.

तुमचा लाल नारिंगी का होत होता तेही त्या पट्टीवरून कळतं. लाल म्हणजे मजेंटा आणि यलो. मजेंटा कमी पडला की यलो वर येतो. तुमच्या त्याच बॅनरवरची हिरवी किनार खालपर्यंत शाबूत आहे, कारण हिरव्यात मजेंटा लागतच नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोत हे स्पष्ट दिसतंय. पहिल्या फोनलाच आम्ही तो फोटो मागवला असता तर तुमचा आठवडा वाचला असता.

मग मजेंटाचा डॅम्पर काढून उजेडासमोर धरला. आतली बारीक जाळी अर्ध्याहून जास्त काळपट चिकट गाळाने भरली होती. ट्यूबच्या टोकाला सिरिंज लावून हळूहळू ओढलं, तर शाईबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ आली. म्हणजे कुठून तरी हवा शिरत होती. ट्यूबचं नट उघडलं, आतली ओ-रिंग (जोड हवाबंद करणारी रबरी कडी) चपटी होऊन एका बाजूला चिरलेली होती. आता हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण लिहायलाच हवं: ते नट सर्व्हिसिंगच्या वेळी आमच्याच माणसाने उघडलं होतं आणि जुनीच ओ-रिंग परत बसवली होती. नट उघडलं की ओ-रिंग नवीन, हा आमच्याकडचा नियम आहे. तो पाळला गेला नाही.

त्यावर फोनवरच्या सल्ल्याने भर घातली. पॉवर क्लीनिंगमध्ये पंप खालून जोर लावून शाई ओढतो. जोड ढिला असेल तर शाईच्या आधी हवा येते. तुम्ही आमचं ऐकून जितक्या वेळा क्लीनिंग मारलं, तितकी हवा ट्यूबमध्ये गेली आणि शाई वेस्ट टाकीत गेली ती वेगळीच. फोटो न बघता ‘क्लीनिंग मारा’ सांगणं आम्ही बंद केलंय. यापुढे रंग फिका होतोय म्हणून फोन आला की आधी सॉलिड पट्टीचा फोटो मागायचा आणि तो बघूनच बोलायचं.

परवा मजेंटाचा डॅम्पर आणि चारही रंगांच्या ओ-रिंग बदलल्या, बुडबुडे थांबेपर्यंत सिरिंजने सावकाश शाई ओढली. (ओढायचीच, हेडमध्ये जोराने ढकलायची कधीच नाही. आतला पडदा नाजूक असतो, फाटला की हेड खरोखरच जातं.) कॅपिंगमध्ये (हेड झाकणाऱ्या टोपणात) क्लीनिंग लिक्विडचे थेंब टाकून पाच मिनिटं पाहिले, पातळी हलली नाही, म्हणजे कॅप आणि पंप धड आहेत. मग मजेंटाची सलग तीन मीटर पट्टी काढली. तिची सुरुवात आणि शेवट कापून तुमच्या ऑपरेटरनी एकमेकांवर ठेवून बघितलं, फरक दिसला नाही. ते दोन तुकडे तुमच्या टेबलावर ठेवले आहेत, तुम्हीही बघा.

आता हेडबद्दल. तुमचं हेड चांगलं आहे. ते बदला असं मी सांगणार नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर आधी एक गोष्ट तपासून घ्या. पाच-सहा नोझल चेक एकाखाली एक ठेवा. तुटलेल्या रेघा दर वेळी जागा बदलत असतील तर भानगड हवेची किंवा शाई कमी पडण्याची असते. त्याच रेघा त्याच जागी, कितीही साफ केलं तरी गायब राहत असतील, तर मग हेडकडे वळायचं. तुमच्याकडच्या आठवडाभराच्या कागदांत एकही रेघ ठरावीक जागी तुटलेली नाही.

जाळीतल्या गाळाबद्दलही स्पष्ट बोलतो. तुमच्या टाकीत एका कंपनीच्या मजेंटावर दुसऱ्या कंपनीचा मजेंटा ओतलेला आहे, हे ऑपरेटरनी सांगितलं. दोन वेगळ्या शाई एकत्र आल्या की गाळ धरू शकतात. ओ-रिंगची चूक आमचीच, ती यामागे लपवत नाही. पण टाकी रिकामी करून, ट्यूब धुऊन एकच शाई ठेवली नाही तर नवा डॅम्परही भरेल. कोणती शाई घ्यायची ते तुम्ही ठरवा, फक्त मिसळू नका आणि शाई बदलली की प्रोफाइल (त्या शाईसाठीचं रंगांचं सेटिंग) नवीन करून घ्या.

राहिले बाहेरचे जुने बॅनर. तो दोष सर्व्हिसिंगचा नाही, प्रिंटरचाही नाही. त्या फोटोत पाहा, बॅनरची कड फ्रेमच्या पट्टीखाली दबलेली आहे आणि तिथला लाल आजही ताजा आहे. प्रिंटरने शाई कमी सोडली असती तर पट्टीखालचा भागही फिकाच असता. उघड्या भागावरचं यलो आणि मजेंटा उन्हातल्या अतिनील किरणांनी खाल्लंय. सायन आणि ब्लॅक जास्त तग धरतात, म्हणून जुनी होर्डिंग्ज शेवटी निळसर दिसतात. बाहेर जास्त दिवस टिकवायचं काम असेल तर यूव्हीपासून वाचवणारं लॅमिनेशन करा, पण प्रिंट निघाल्यावर किमान चोवीस तास मोकळं राहू द्या. आत शाईतला सॉल्व्हंट (उडून जाणारा द्रव) कोंडला तर लॅमिनेशन सुटतं. आणि अशा कामाला सर्वात वेगवान मोड वापरू नका, त्यात शाईचा थर पातळ बसतो.

परवाच्या कामाचे आणि बदललेल्या भागांचे पैसे लागणार नाहीत. आधीच्या सर्व्हिसिंगचे पैसेही परत करतोय, कारण ते काम पूर्ण झालंच नव्हतं. वाया गेलेल्या बॅनरचं मीटरमध्ये माप कळवा, तेवढं मटेरियल आमच्याकडून.

टाकी धुवायची ठरली तर प्रिंटर अर्धा दिवस बंद राहील, तेव्हा काम कमी असलेला दिवस सांगा, मीच येतो. तोपर्यंत रोज सकाळी पहिल्या जॉबच्या आधी मजेंटाची एक मीटर पट्टी काढा. मध्येच फिकी झाली तर क्लीनिंग मारू नका, प्रिंटर तसाच थांबवा आणि पट्टीचा फोटो पाठवा.