‘कामाला लागला की डिप्रेशन पळते’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: नैराश्य हे रिकामटेकड्यांचे दुखणे आहे, शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्यांना ते होत नाही, घरी बसलेल्या माणसाने मनावर घेतले आणि पहाटे पाचला उठून स्वतःला जुंपून घेतले, तर गोळ्यांची गरज उरत नाही, आणि घरच्यांनी सहानुभूती दाखवली की तो आणखीच बसतो. आजारामुळे नोकरी सुटून मी दीड वर्ष घरी होतो, तेव्हा दोन नातेवाइकांनी मला हा मजकूर पाठवला होता. तो त्यांनी मायेनेच पाठवला होता आणि तरीही त्याने मला खचवले, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

राबणाऱ्यांना नैराश्य होत नाही, हे पहिले विधान. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक रोजंदारीवरचे मजूर होते. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजार असतोच असे नाही. पण कष्ट हे मनाचे कवच आहे, हा समज या आकड्यापुढे टिकत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात नैराश्यासारखे आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. राबणाऱ्याचे दुखणे अंगदुखी, निद्रानाश किंवा दारू या नावांनी वावरते. त्याला डिप्रेशन म्हणायला कोणी नसते, एवढाच काय तो फरक.

‘मनावर घेतले की दिनक्रम बसतो’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावात सारा गाव ज्या कापड गिरणीवर जगत होता ती १९३० च्या सुमारास बंद पडली. त्या गावाचा मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या समाजशास्त्रीय संशोधकांनी केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावकरी आळशी नव्हते, गिरणी बंद पडेपर्यंत तेथे राबणारेच होते. हाती अमर्याद वेळ आल्यावर ते अधिक वाचतील अशी अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात गावच्या वाचनालयातून जाणारी पुस्तके जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यावर सावकाश चालू लागले, वारंवार थांबू लागले, आणि दिवसभरात काय केले हे विचारल्यावर त्यांना धड सांगता येईना. ज्यांच्यामागे स्वयंपाक आणि मुले होती त्या स्त्रियांचा दिवस मात्र पुष्कळसा शाबूत राहिला. याहोदा यांनी पुढे मांडले की नोकरी पगाराबरोबरच दिवसाची चौकट, चार लोकांचा सहवास, सामायिक हेतू आणि समाजातले स्थानही देत असते. ही चौकट बाहेरून मिळत असते आणि ती काढून घेतली की निरोगी माणसाचाही दिवस विस्कटतो. मग ज्याच्या आजाराचे लक्षणच उत्साह आटणे हे आहे, त्याने ती एकट्याने, केवळ निर्धारावर उभी करावी, ही अपेक्षा कशाच्या आधारावर करायची?

पहाटे पाचचा आग्रह तर काहींना अपाय करणारा आहे. द्विध्रुवीय विकारात, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अनावर उत्साह (उन्माद) येणाऱ्या ‘बायपोलर’ आजारात, झोप अचानक तुटली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो, म्हणून तेथे किती लवकर उठलो यापेक्षा रोज एकाच वेळी झोपणे आणि उठणे महत्त्वाचे ठरते. रात्रीच्या काही गोळ्यांची सुस्ती सकाळी उशिरापर्यंत टिकते. तो आळस नव्हे. माझा दिवस साडेनऊला सुरू होत असे आणि त्यात ठरलेली कामे दोनच होती: आंघोळ करणे आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणे. दूध मी आणले नाही तर घरात चहा होणार नाही, हे आईने ठरवून टाकले होते. माझी कोणाला तरी गरज आहे, हे मला दिवसातून एकदा त्या पिशवीमुळे कळत असे.

कृतीने मन सावरते, हा या मजकुरातील खरा अंश आहे आणि तो मी नाकारत नाही. गोव्यातील ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमके हेच करून पाहिले. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत लहान लहान कृतींकडे परत आणले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर नेहमीचेच उपचार, थोडी भर घालून, मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मात्र तेथे कृती रुग्णाच्या ताकदीच्या मापाने ठरत होती आणि अडले तर पुढच्या भेटीत विचारणारे माणूस समोर होते. संदेशात नेमके हे माणूसच नाही.

गोळ्यांविषयी थोडक्यात सांगतो: दिनक्रम बसला म्हणून त्या स्वतःच्या मनाने थांबवू नयेत, कारण पुष्कळदा त्यांच्यामुळेच तो बसलेला असतो. त्या कमी करायच्या की नाहीत, हे मानसोपचारतज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे.

‘कामाला लाग’ म्हणणाऱ्यांनी काम कुठे मिळते, याचाही विचार करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, परंतु सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का या आजारासह अनेक प्रकारच्या दिव्यांगांत वाटला जातो. खासगी मुलाखतीत ‘मधली दीड वर्षे काय केलेत?’ या प्रश्नाला मी खरे उत्तर दिले, तेव्हा मुलाखत तेथेच संपली.

राहिली सहानुभूती. तिने माणूस बसतो, असे मी माझ्या घरात पाहिले नाही. रात्री ‘आज काय केलेस?’ असे विचारले की मी खोलीत जाऊन दार लावून घेत असे. ‘चारला पोस्टात जायचे आहे, सोबत येतोस?’ असे विचारले की बहुतेक वेळा चप्पल घालत असे. घरच्यांनाही काही सुचेनासे झाले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य बोलता येते आणि तो क्रमांक रुग्णाइतकाच त्यांच्यासाठीही आहे.