"मेन 25ची, मग अर्थ 16चीच का?" – मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या वायरिंगच्या कामाला तुम्ही दिलेला एका ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. "मीटरपासूनच्या मेनला 25 स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) केबल आणि अर्थला 16ची वायर, उरलेलं तांबं कुणाच्या घरी गेलं? वर तीन दिवस उशीर, आणि वरच्या बाथरूमचा गीझर अजून शॉक देतोय," असं तुम्ही लिहिलंय.

उशीर झाला, तोही फोन न करता. माफी असावी.

गीझरचंही खरं, ती चूक सरळ आमची. परवा येऊन मी स्वतः बॉक्स उघडला. फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, 4ची; जुनी अर्थ, म्हणजे गळका करंट जमिनीत नेणारी, 1.5ची; आणि तिचा जोड नुसता पिळून ठेवलेला. टेपखाली काळा पडून सुटला होता. आमच्या पोराने मेनचं काम झालं म्हणून तो बॉक्स उघडलाच नव्हता. आता तिथे डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डापासून) 4चीच हिरवी वायर ओढली आहे, त्याचे पैसे नाहीत. पण गीझरची कॉइलही लीक आहे. ती बदलेपर्यंत स्विच चालू करू नका. हलकी झिणझिण 30 मिलिअँपिअरच्या खाली राहिली तर आरसीसीबी, म्हणजे गळती पकडून लाईन तोडणारा स्विच, पडत नाही.

16च्या वायरबद्दल मात्र माघार घेणार नाही. बिलातही 16च लिहिलंय, 25चे पैसे घेतलेले नाहीत. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस 3043, त्याचा तक्ता असा आहे: फेज 16पर्यंत असेल तर अर्थ तेवढीच, 16च्या वर 35पर्यंत असेल तर अर्थ 16, त्यापुढे फेजच्या निम्मी. म्हणून गीझरला 4ला 4 आणि मेनला 25ला 16. तुमची मेन 25ची केली ती मीटर फाटकापाशी आणि घर 40 मीटर आत म्हणून, व्होल्टेज पडू नये यासाठी. नाहीतर 40 अँपिअरला 10ची पुरली असती. अर्थमधून रोजचा लोड जातच नाही. फॉल्ट आला की काही क्षण तिने तग धरायचा. 16ची पीव्हीसी तांब्याची वायर 1000 अँपिअर जवळजवळ पाच सेकंद सोसते.

आणि तुमच्याकडे 1000 अँपिअर येणार कुठून? मीटरकडून तीन फेज आणि न्यूट्रल आलेत, अर्थ आपल्या खड्ड्यातली. खाली सगळा मुरूम. पहिल्या पिटचं (अर्थच्या खड्ड्याचं) रीडिंग 11 ओहम आलं, हे जितकं कमी तितकं बरं; तेव्हा साहेब शेजारीच उभे होते. दुसरा पिट मारून, दोन्ही जोडून 3.1वर आणलं. म्हणजे 230 व्होल्टला फार तर 74 अँपिअर. एवढ्यावर 40चा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडायला मिनिटंसुद्धा लागू शकतात. डीबी ते पिट 15 मीटर वायर आहे. ती 16ऐवजी 25ची घातली असती तर ओहमचा शंभरावा भागही कमी झाला नसता. अडतं ते मातीत. म्हणून पैसे दुसऱ्या पिटला आणि आरसीसीबीला घातले. हे काम सुरू करतानाच कागदावर मांडून दाखवायला हवं होतं, तेवढं राहिलं.

उन्हाळ्यात पिटच्या फनेलमध्ये अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. मेमध्ये टेस्टर घेऊन मी रीडिंग बघायला येईन. आधी फोन करून.