पाकिटं बदललीच नव्हती: व्हीटी, मेलबर्न आणि एक चिवट फॉरवर्ड

व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. सोबत दोन इमारतींचे फोटो असतात. एक आपलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे जुनं व्हीटी. दुसरं ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन. मजकुराचा गोषवारा असा: दोन्ही स्टेशनांचे नकाशे लंडनमध्ये तयार झाले, पाठवताना पाकिटं बदलली, त्यामुळे घुमटवालं ‘भारतीय’ स्टेशन मेलबर्नला गेलं आणि तिकडचं गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी आणि मनोरे असलेल्या जुन्या युरोपीय शैलीचं, स्टेशन मुंबईत उभं राहिलं. त्याला जोडून आणखी तीन गोष्टी येतात. देशातली पहिली गाडी १८५३ साली याच इमारतीतून सुटली, शिखरावरचा पुतळा व्हिक्टोरिया राणीचा आहे, आणि हे सगळं काम इंग्रजांनी एकट्याने केलं.

गोष्ट झकास आहे. मेलबर्नमध्येही ती तितक्याच आवडीने सांगतात. पण तारखा आणि जमीन, दोन्ही तिच्या विरोधात आहेत.

दावा पहिला: पाकिटं बदलली

मुंबईच्या इमारतीचं काम १८७८ साली सुरू झालं. १८८७ मध्ये, राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं आणि १८८८ मध्ये बांधकाम पुरं झालं. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आजच्या इमारतीसाठी आराखड्यांची स्पर्धा झाली ती १८९९ मध्ये. १७ आराखडे आले. ५०० पौंडांचं पहिलं बक्षीस जेम्स फॉसेट आणि एच. पी. सी. ॲशवर्थ या जोडीला मिळालं. इमारत पूर्ण व्हायला १९१० साल उजाडलं. म्हणजे मेलबर्नमध्ये बक्षीस जाहीर झालं तेव्हा मुंबईची इमारत बांधून अकरा वर्षं होऊन गेली होती. पाकिटांची अदलाबदल व्हायची तर निदान दोन्ही पाकिटं एकाच काळात टपालात असायला हवीत.

बरं, लंडनच्या कचेरीतून नकाशे निघाले हेही खरं नाही. फॉसेट आणि ॲशवर्थ हे दोघेही मेलबर्नकडच्या रेल्वेचेच नोकर होते. आपल्याकडचे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स इंग्लंडात जन्मले खरे, पण १८६७ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू होऊन इथे आले आणि त्यांची सगळी मोठी कामं मुंबईतलीच. व्हीटीचं काम हाती आल्यावर ते युरोपातली स्टेशनं पाहायला गेले होते. त्यांच्या आराखड्यावरून ॲक्सेल हेग या चित्रकाराने केलेलं जलरंगातलं चित्र १८८० मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं होतं. म्हणजे मेलबर्नच्या स्पर्धेच्या एकोणीस वर्षं आधी लंडनकरांनी या इमारतीचं रूप भिंतीवर पाहिलेलं होतं, आणि चित्रातलं स्टेशन मुंबईचंच होतं.

यावर एक हमखास प्रश्न येतो: मग मुंबईसारख्या गावात गॉथिक कशाला? तर मुंबईत तेव्हा दुसरं काही बांधतच नव्हते म्हणून. जुन्या सचिवालयाची इमारत १८७४ ची. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर दोन्ही १८७८ चे. ओव्हलच्या कडेने चालत गेलात की ही अख्खी रांग दिसते. स्टीव्हन्स यांनीच त्याआधी रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम बांधलं होतं, ज्यात आज राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. पुढे व्हीटीच्या समोरची महापालिकेची इमारत १८९३ मध्ये आणि चर्चगेटची बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेची कचेरी १८९९ मध्ये पुरी झाली, तीही त्यांच्याच हातची. महापालिका आणि व्हीटी यांच्या मधल्या चौकात उभं राहून आळीपाळीने दोन्हीकडे पाहा. एकाच माणसाचं काम आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. की महापालिकेचंही पाकीट चुकलं होतं?

आणि ‘घुमट म्हणजे भारतीय’ हा तर्क तर फॉरवर्डमधल्या फोटोवरच आपटतो. व्हीटीला घुमट आहेच, आणि चांगला मोठा आहे.

आता जमीन पाहू. माझ्या मते या गोष्टीचा खरा निकाल तारखांपेक्षा इथे लागतो.

फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन यारा नदी आणि रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. इमारत रस्त्याला समांतर, दोन चौकांएवढी लांबलचक पसरलेली. घुमट एका टोकाला, स्वॉन्स्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, आणि त्याच्याखालीच प्रवेशद्वार. पायऱ्या चढल्या की माणूस थेट स्टेशनात. रूळ इमारतीच्या बाजूने जातात आणि गाड्या पुढेही निघून जातात.

व्हीटी हे शेवटचं स्थानक. इथे रूळ संपतात. दर्शनी इमारत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी, दोन पंख पुढे आलेले आणि मध्ये बाग. घुमट बरोबर मधोमध. पण त्याच्याखालून कोणीही गाडी पकडायला जात नाही. घुमटाखाली आहे एक भव्य जिना, आणि तो वर कचेऱ्यांकडे जातो. कारण ही इमारत मुळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीचं मुख्यालय म्हणून बांधली गेली. आज तिथे मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. रोज लोकलने उतरणाऱ्या बहुतेकांनी तो जिना कधी पाहिलेलाही नसतो, आणि ज्याचा फोटो फॉरवर्ड होतो तो भाग म्हणजे स्टेशन नव्हेच, कंपनीचं ऑफिस आहे!

प्रवाशांसाठी होती ती उत्तरेकडच्या पंखाची तळमजल्यावरची बाजू. तिथलं तिकिटांचं दालन ‘स्टार चेंबर’ म्हणून ओळखलं जातं: कमानदार छत, छतावर तारे, इटालियन संगमरवर आणि इथला पॉलिश केलेला दगड. पास काढायला घाईघाईत शिरलेला माणूस वर पाहत नाही, ही त्या छताची शोकांतिका. तिथून पुढे फलाट. बाहेरच्या बाजूने कमानींचे व्हरांडे फिरवलेले आहेत, म्हणजे मुंबईचं ऊन आणि पावसाची झड खोल्यांत थेट येऊ नये. नदीकाठच्या लांब पट्टीसाठी काढलेला नकाशा इथे बसला नसता आणि इथला तिकडे मावला नसता. चुकून आलेला नकाशा पायाच्या पहिल्याच कुदळीला उघडा पडला असता.

थोडे वाचलेले लोक इथे वेगळा सूर लावतात: मेलबर्न नाही, पण लंडनच्या सेंट पँक्रसची ही नक्कल. प्रभाव आहे, यात शंका नाही. नक्कल मात्र नाही. सेंट पँक्रसचा दर्शनी भाग म्हणजे हॉटेल, आणि त्यामागे सुमारे ७४ मीटर रुंदीची एकच सलग लोखंडी कमान. व्हीटीच्या मुखाशी कचेरी आहे आणि मागची शेड खांबांवर उभी आहे. शिवाय इथे मोर आणि माकडं दगडात आहेत, आणि फाटकाच्या खांबांवर एकीकडे ब्रिटनचा सिंह, दुसरीकडे हिंदुस्थानचा वाघ.

जाता जाता एक. मुंबईत अशीच दुसरी दंतकथा ताजमहाल हॉटेलची आहे: इमारत उलटी बांधली गेली, ते पाहून वास्तुरचनाकाराने जीव दिला. तेही खोटं. १९०३ मध्ये ताज सुरू झालं तेव्हा दरवाजा शहराच्या बाजूला होता, तो मुद्दामच, आणि समुद्राकडचं प्रवेशद्वार नंतरचं. ज्यांनी जीव दिला म्हणतात ते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हॉटेल पुरं होण्याआधीच वारले होते, मग उलटं काय पाहणार? त्यांचं नाव खाली पुन्हा येणार आहे. मोठी इमारत दिसली की तिच्या पोटात एखादी चूक दडलेली असावी, असं आपल्याला का वाटतं कोण जाणे.

दावा दुसरा: पहिली गाडी याच इमारतीतून सुटली

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन गाडी ठाण्याला निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं आणि २१ तोफांची सलामी. हे सगळं खरं. फक्त इमारत चुकली. गाडी सुटली ती बोरीबंदरच्या साध्या स्थानकातून, आणि व्हीटीचा पाया खणायला अजून पंचवीस वर्षं होती.

ही पंचवीस वर्षं गाळली की इमारत एवढी मोठी का झाली हेच कळत नाही. १८५३ मध्ये कंपनीकडे होती ठाण्यापर्यंतची ३४ किलोमीटरची लाइन. १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली. १८६३ मध्ये भोर घाट आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून रूळ देशावर गेले. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता जोडले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला होता, म्हणजे युरोपची बोट मुंबईला लागणार आणि माणूस, माल, टपाल इथूनच देशभर जाणार हे ठरून गेलं. दरम्यान १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि कोटाबाहेरचा हा भाग शहराचा दर्शनी भाग बनला. कंपनीला आता शेड पुरणार नव्हती, ऐट हवी होती. तिने सुमारे १६ लाख १४ हजार रुपये ओतले ते या ऐटीवर.

त्यामुळे ‘त्याच जागेच्या परिसरातून’ असं म्हणा, हरकत नाही. ‘याच इमारतीतून’ म्हणू नका.

दावा तिसरा: शिखरावर राणी

नाही. घुमटावरची सुमारे १६ फुटांची स्त्री म्हणजे ‘प्रगती’. उंचावलेल्या उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी चाक. राणी कधी मशाल आणि चाक घेऊन उभी राहत नसे. गैरसमजाचं कारण मात्र समजण्यासारखं आहे: राणीचा पुतळा या इमारतीवर खरोखरच होता, पण खाली, दर्शनी भागात घड्याळाखालच्या कोनाड्यात. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. वरचा राहिला, कारण तो राणीचा नव्हताच.

दावा चौथा: सगळं काम इंग्रजांनी केलं

आराखडा स्टीव्हन्स यांचा आणि घुमटावरची ‘प्रगती’ थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची. इथवर ठीक. पण बांधकामावर सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य, ताजच्या दंतकथेतले तेच, आणि पर्यवेक्षक म्हणून माधवराव जनार्दन यांचं नाव येतं. कोरीवकाम, जाळ्या, पानंफुलं, प्राणी-पक्षी यांचा मोठा भाग जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केला. काही ठिकाणी याच कलाशाळेत शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांचं नाव देतात, ते जमत नाही, कारण ते १८७५ मध्येच मुंबई सोडून लाहोरला गेले होते. दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे दगडी मुखवटे आहेत, त्यांत जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना हेही आहेत. दगड फोडणाऱ्या, वाहणाऱ्या आणि बसवणाऱ्या हातांची नावं कुठेच कोरलेली नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

या चार दाव्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: स्टेशन एकदा तयार झालं आणि तसंच राहिलं. प्रत्यक्षात १८८८ नंतरही ते वाढतच गेलं. आज १८ फलाट आहेत. १ ते ७ लोकलचे, ८ ते १८ मेल-एक्स्प्रेसचे. स्टीव्हन्स यांच्या नकाशात यातलं बरंच काही नव्हतं. हार्बर लाइनचंच घ्या. ती १९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आली होती. १९२५ मध्ये ती व्हीटीपर्यंत आणली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली, १५०० व्होल्ट डीसी विजेवर. जुन्या लाइनींच्या भाऊगर्दीत नव्या लाइनीला जमिनीवर जागा नव्हती, म्हणून तिला उंचावर घेतली. आजही हार्बरची गाडी फलाट १ किंवा २ वरून सुटते, मशीदनंतर चढ चढते आणि सँडहर्स्ट रोडला मेन लाइनच्या डोक्यावरून ओलांडून पूर्वेला डॉकयार्ड रोडकडे वळते. सँडहर्स्ट रोडला खालचे फलाट मेनचे, वरचे हार्बरचे.

१९९६ मध्ये व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २००४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं, २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ आलं. राहता राहिला मेलबर्नशी नात्याचा प्रश्न. तिथली पहिली वाफेची गाडी १२ सप्टेंबर १८५४ रोजी फ्लिंडर्स स्ट्रीटवरूनच बंदराकडे सुटली, बोरीबंदरनंतर सतरा महिन्यांनी, आणि तीसुद्धा आजच्या इमारतीतून नव्हे.