जीभ टाळूला दाबून जबडा बदलत नाही, पोरांनो

माझ्या भावाचा मुलगा, वय १७, गेले दोन-तीन महिने घरात धड बोलतच नाहीये. आजीने विचारलं आमटी वाढू का, तर तोंड मिटलेलंच, बोट आधी ओठांवर आणि मग जबड्याच्या कडेने कानाकडे फिरवायचं. म्हणजे काय, तर माझं मेविंग (जीभ टाळूला दाबून जबडा घडवायचा प्रकार) चालू आहे, बोलता येणार नाही. आजी पळी हातात धरून तशीच उभी. मला ते बघवलं नाही म्हणून ज्या रीलवरून तो हे शिकला ती त्याच्याकडून मागून घेतली. त्यात म्हटलंय की पूर्ण जीभ टाळूला दाबा, दात जुळवून ठेवा, दिवसरात्र, ३ महिन्यांत वरचा जबडा पुढे येतो, गालाची हाडं वर येतात, वय काहीही असो. डॉक्टर हे सांगत नाहीत कारण दातांना तारा लावायचा धंदा बुडेल. आणि फुकट आहे, मग नुकसान काय?

आधी "वय काहीही असो" हे घेते, कारण हे मी स्वतःच्या घरात बघितलंय. माझी लेक १० वर्षांची असताना टाळू अरुंद म्हणून तिला एक्सपांडर बसवला होता, टाळूत बसणारं स्टीलचं यंत्र, मध्ये स्क्रू. रोज रात्री तिचं डोकं मांडीवर घ्यायचं, नवऱ्याने मोबाइलचा टॉर्च धरायचा आणि मी त्या एवढ्याशा भोकात चावी घालून ती पुढून मागे ढकलायची, एका वेळी पाव वळसा, म्हणजे ०.२५ मिलिमीटर. काही दिवसांनी तिच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट पडली, मी घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या अहो हेच हवं होतं, टाळूच्या मधला सांधा उघडतोय. तर एवढं बळ लावून, लहान वयात, ते हाड हलतं. वयात येता येता तो सांधा घट्ट गुंतत जातो, मोठ्या माणसाचा टाळू रुंद करायचा तर हाडातच स्क्रू बसवावे लागतात नाहीतर ऑपरेशन. तिथे जिभेचा काय पाड?

आणि ज्यांच्या नावावरून हे मेविंग आलं ते इंग्लंडचे दंतवैद्य जॉन म्यू, त्यांचेही उपचार वाढत्या वयाच्या लहान मुलांसाठीच होते आणि त्यातही तोंडात बसवायची उपकरणं असायची, नुसती जीभ नाही. हे रीलवाले कुणीच सांगत नाहीत.

"डॉक्टर लपवतात" म्हणे. लपवलंय कुठे? अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे वाकडे दात-जबडे नीट करणाऱ्या डॉक्टरांच्या, संघटनेने २०२४ मध्ये उघड सांगितलंय की मेविंगने जबड्याला आकार येतो याला धड पुरावा नाही. जॉन म्यू यांचा मुलगा माइक म्यू, ज्याच्या व्हिडिओंमुळे हे जगभर पसरलं, त्याचं नाव त्याच वर्षी ब्रिटनमध्ये दंतवैद्यांच्या यादीतून काढून टाकलं, तेही मुलांवर केलेल्या उपचारांच्या प्रकरणात. धंद्याचा संशय घ्यायचाच तर जॉलाइनचे, म्हणजे जबड्याची कड रेखीव करायचे, कोर्स विकणाऱ्यांवरही घ्या ना.

मग रीलवाले दाखवतात ते आधीचे-नंतरचे फोटो? आत्ता आरशासमोर बाजूने उभे राहा आणि जीभ वर दाबा. हनुवटीखालचा मऊ भाग लगेच वर ओढला जातो, कारण तिथले स्नायू आवळले जातात, आणि जीभ सोडली की परत खाली. हाड तसूभर हललेलं नसतं. त्यात १५ व्या वर्षीचा फोटो १८ व्या वर्षीच्या शेजारी लावला, मधे वजन उतरलं, मान थोडी पुढे काढली, उजेड वरून घेतला, तर चेहरा वेगळा दिसणारच, त्या वयात मुलांचा जबडा आपोआप वाढतच असतो.

यात खरं तेवढंही सांगते. तोंड मिटलेलं असताना जीभ टाळूला हलकी टेकलेली असते, ते नॉर्मलच आहे, त्याला ताकद लावावी लागत नाही. आणि एखादं मूल कायम तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, झोपेत घोरत असेल, तर त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, नाक कशाने बंद होतंय ते बघायला हवं, ते रील बघून सुटणार नाही.

आता नुकसान काय ते. दातांना हलका पण सततचा दाब पुरतो, तारा त्यावरच चालतात, मग दिवसभर जीभ पुढच्या दातांवर रेटली तर ते नको तिकडे सरकू शकतात. आणि "दात जुळवून ठेवा" हे तर साफ चूक आहे. ओठ मिटलेले असले तरी वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर अंतर असतं, दात टेकायचे ते चावताना आणि गिळताना. आमचा हा पोरगा दिवसभर दात आवळून बसायचा, गेल्या आठवड्यात भाकरीचा कडक पापुद्रा चावताना कानापाशी कळ आली आणि ताट तसंच सोडून उठला. तेव्हा पहिल्यांदा म्हणाला, आत्या, माझी हनुवटी आत आहे म्हणून वर्गात चिडवतात गं. हे त्याने आधी आम्हाला सांगायला हवं होतं, आणि आम्हीही विचारायला हवं होतं. शनिवारी ऑर्थोडॉन्टिस्टकडे नेतेय, एक्स-रे काढून जबडा खरंच मागे आहे का आणि अजून किती वाढणार आहे ते बघतील.